लहान मुलाचा पहिला शर्ट घरी शिवताना

पहिलाच शर्ट शिवायला घेतला असेल तर तो अर्ध्या बाह्यांचा, एकसंध साध्या कॉलरचा आणि खाली सरळ घेराचा (घेर म्हणजे शर्टाची खालची कड) असू द्या. पूर्ण बाह्या म्हटल्या की कफ आले आणि कफाजवळची चीर आली. स्टँडची, म्हणजे उभ्या पट्टीवर बसवलेली कॉलर म्हटली की एका अरुंद वळणावर चार तुकडे अचूक बसवणं आलं. पाठीला वेगळा योक (खांद्यालगतचा जोडतुकडा), गोल घेर, दोन खिसे या सगळ्या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या शर्टात आणता येतात. इथे सांगतो आहे तो शर्ट मोजक्या तुकड्यांचा आहे: एक पाठ, दोन पुढे (पुढचे भाग), दोन बाह्या, कॉलरचे दोन तुकडे आणि हवा असेल तर एक खिसा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शर्टाच्या एकूण कामात मशीनवर बसून टिपा मारण्याचा वेळ सगळ्यात कमी असतो. माप, कागद, कातरणं आणि इस्त्री यांतच शर्ट घडतो. नवखी मंडळी घाईने मशीनवर बसतात आणि मग कॉलर का वाकडी बसली ते मशीनकडे बघून शोधतात. चूक बहुतेक वेळा मशीनवर बसण्याच्या खूप आधी झालेली असते.

कापड आणि सामान

शुद्ध सुती कापड घ्या. पॉपलिन किंवा केंब्रिक पहिल्या शर्टाला उत्तम. ते सरकत नाही, इस्त्रीची घडी धरून ठेवतं, खडूची रेघ त्यावर स्पष्ट उमटते आणि मुलाच्या अंगाला घाम टिपून घेतं. रेयॉन दुकानात मऊ आणि सुंदर वाटतं, पण कातरताना ते टेबलावर पळतं. होजियरी ताणली जाते, तिला वेगळी सुई आणि वेगळी टीप लागते. मोठ्या चौकटीचं किंवा एकाच दिशेला तोंड असलेल्या चित्रांचं कापडही सध्या बाजूला ठेवा, कारण चौकटी जुळवण्यात जास्तीचं कापड आणि जास्तीचा धीर दोन्ही जातात. बारीक छापील कापड घेतलं तर टीप एखाद्या ठिकाणी वाकडी गेली तरी ती नक्षीत मिसळून जाते.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर १ मीटरमध्ये हा शर्ट बसतो. तरी सव्वा मीटर घ्या, एखादी बाही पुन्हा कातरावी लागली तर जीव धास्तावत नाही. ३६ इंच पन्हा असेल तर दीड मीटर लागेल.

कापड आणलं की आधी धुवा. नव्या कापडात खळ असते आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ३ ते ५ टक्के आटणं नेहमीचंच. १८ इंचांच्या शर्टात हा फरक पाऊण इंचाच्या आसपास जातो. म्हणजे आज बेतात बसलेला शर्ट पहिल्या धुण्यानंतर आखूड. शर्ट पुढे जसा धुतला जाणार आहे तसंच कापड धुवा, गरम पाण्यात धुणार असाल तर गरम पाण्यात. किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा.

बाकी सामान फार नाही. मापाची टेप, खाकी कागद, लांब पट्टी, खडू, टाचण्या, कापडाची कात्री (तिने कागद कापू नका, धार जाते), कागदासाठी दुसरी कात्री, टीप उसवायचं हत्यार, कापडाच्या रंगाचा दोरा, पाच बटणं आणि कॉलर आणि बटणपट्टीला ताठपणा देणारं, इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग. बटणं ११ मिलिमीटरच्या आसपासची घ्या. त्याहून लहान बटण मुलाच्या बोटांत नीट धरलं जात नाही आणि स्वतःचा शर्ट स्वतः घालण्याचा त्याचा आनंद हिरावला जातो. मशीनला पातळ पॉपलिनसाठी ११ नंबरची आणि जरा जाड कापडासाठी १४ नंबरची सुई लावा. सुई नवी असू द्या. टाके सुटत असतील किंवा कापडात धागे ओढले जात असतील तर पहिला संशय सुईवरच घ्यावा.

माप कसं घ्यायचं

मूल स्थिर उभं राहत नाही, ही अडचण सगळ्यांचीच. म्हणून मी माप दोन ठिकाणांहून घेतो. एक मुलाच्या अंगावरून आणि दुसरं त्याला नीट बसणाऱ्या एखाद्या शर्टावरून. तो शर्ट टेबलावर सपाट पसरा, बटणं लावा आणि मोजा. दोन मापांत मोठा फरक दिसला तर अंगावरचं माप पुन्हा घ्या.

अंगावरून चार मापं पुरतात. छाती काखेखालून टेप गोल फिरवून घ्या, टेप पाठीवर घसरलेली नाही ना ते पाहा. खांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरून मोजा. उंची मानेजवळ खांद्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून हवी तिथपर्यंत घ्या. बाही खांद्याच्या टोकापासून कोपराच्या जरा वर. श्वास रोखून फुगवलेल्या छातीचं माप घेऊ नका, मुलांना ते करायला फार आवडतं.

पुढचा सगळा आराखडा मी या मापांवर मांडतो आहे: छाती २४ इंच, खांदा १०½, उंची १८, बाही ६. तुमच्या मुलाची मापं वेगळी असतील तर आकडे त्या हिशोबाने बदला, रीत तीच राहील. सेंटिमीटरमध्ये काम करत असाल तर १ इंच म्हणजे २.५४ सेंमी. शिवणकामात इंचाचे आठ भाग करतात, त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. पुढे 'सूत' आलं की १/८ इंच समजा.

कागदावरचा शर्ट

थेट कापडावर आखणारे कारागीर आहेत आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो. आपण मात्र कागदावर आखायचं. कागद चुकला तर दुसरा घेता येतो, शिवाय तोच कागद पुढच्या शर्टाला उपयोगी पडतो.

आधी पाठ. कागदाच्या डाव्या कडेला एक उभी रेघ काढा, ही पाठीची मध्यरेषा, इथे कापडाची घडी येणार. वर एक आडवी रेघ. कोपऱ्यापासून आडव्या रेघेवर २¼ इंचांवर गळ्याची खूण करा आणि ५½ इंचांवर खांद्याची. साधा हिशोब असा, की खांद्याच्या मापाचा अर्धा आणि वर पाव इंच सैलपणा. खांद्याच्या खुणेपासून १ इंच खाली या. हा खांद्याचा उतार. गळ्याची खूण आणि हा खालचा बिंदू सरळ रेघेने जोडा. मध्यरेषेवर पाऊण इंच खाली मागच्या गळ्याची खूण करा आणि तिथून २¼ च्या खुणेपर्यंत उथळ गोलाई द्या. सुरुवातीचा अर्धा-पाऊण इंच जवळजवळ सरळ ठेवलात तर पाठीला टोक येत नाही.

आता मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई. कोपऱ्यापासून मध्यरेषेवर ६½ इंच खाली (छातीचा चौथा भाग अधिक अर्धा इंच) एक आडवी रेघ काढा. या रेघेवर ७½ इंचांवर खूण करा, म्हणजे छातीचा चौथा भाग ६ आणि सैलपणाचा दीड इंच. चारही भाग मिळून शर्ट छातीपेक्षा ६ इंच सैल होतो. हे जास्त वाटेल, पण खेळणाऱ्या, हात वर करून लोंबकळणाऱ्या मुलाच्या कॅज्युअल शर्टाला तेवढी जागा हवीच. खांद्याच्या टोकापासून मुंढ्याची रेघ निम्म्यापर्यंत जवळजवळ सरळ खाली आणा आणि मग गोल वळवून ७½ च्या खुणेला मिळवा. त्या खुणेपासून बाजूची रेघ सरळ खाली, वरच्या आडव्या रेघेपासून १८ इंच भरेपर्यंत.

पुढा याच आराखड्यावरून उतरवून घ्या. फरक तीनच. पुढचा गळा २½ इंच खोल. पुढचा मुंढा मधोमध पाव इंच आणखी आत, कारण हात पुढे हलतात आणि तिथलं जादा कापड काखेत गोळा होतं. तिसरा फरक बटणपट्टीचा, आणि तो नीट समजून घ्या. पुढ्याच्या मध्यरेषेपासून बाहेर पाऊण इंचावर एक उभी रेघ काढा, ही दुमडीची रेघ. तिच्या बाहेर आणखी दीड इंच पट्टी आणि त्याही बाहेर अर्धा इंच आत मुडपायला. म्हणजे मध्यरेषेबाहेर एकूण २¾ इंच. पट्टी दुमडल्यावर ती दीड इंच रुंद राहते आणि मध्यरेषा बरोबर तिच्या मधून जाते. बटणं याच मध्यरेषेवर लागतात.

गळा कापण्याआधी कागदाची पट्टी दुमडीच्या रेघेवर आत दुमडा, टोकाचा अर्धा इंचही मुडपा आणि मगच गळ्याची गोलाई कापा. उघडलात की पट्टीच्या वरच्या टोकाला उलटा, आरशातल्यासारखा आकार मिळालेला दिसेल. हे राहून गेलं तर कॉलर लावताना पट्टी गळ्याला पुरत नाही आणि तिथे दुरुस्तीला जागाच नसते.

बाहीसाठी पुढचा आणि मागचा मुंढा टेप कडेवर उभी धरून मोजा. दोन्हींची बेरीज करा, अर्धी करा आणि त्यातून एक सूत वजा करा. आता घडी घातलेल्या कागदावर घडीच्या वरच्या टोकापासून २ इंच खाली एक आडवी रेघ काढा. वरच्या टोकापासून त्या आडव्या रेघेपर्यंत, आत्ता काढलेल्या लांबीची तिरपी रेघ टेकवा. आपल्या मापात आडवी रेघ ६ इंचांच्या आसपास येते. तिरप्या रेघेवर वरच्या निम्म्यात किंचित फुगीर आणि खालच्या निम्म्यात किंचित खोलगट अशी वळणाची रेघ काढा. घडीवर ६ इंच खाली बाहीची उंची, तिथली रुंदी ५¼ इंच. कागद उघडून पुढच्या बाजूचं खोलगट वळण एक सूत जास्त खोल करा आणि त्या बाजूला 'पुढे' असं लिहून ठेवा. शेवटी बाहीचं पूर्ण वळण मोजा. ते दोन्ही मुंढ्यांच्या बेरजेइतकं किंवा फार तर अर्धा इंच जास्त असावं. त्याहून जास्त भरलं तर बाहीला चुण्या पडतील, वरचा फुगवटा थोडा कमी करा.

कॉलर सगळ्यात सोपी. पुढच्या मध्यरेषेपासून मागच्या मध्यरेषेपर्यंत गळा मोजा, आपल्या मापात तो ६¼ इंचांच्या जवळपास भरतो. तेवढ्या लांबीचा आणि २½ इंच रुंदीचा आयत काढा. एक टोक घडीवर येईल. दुसऱ्या टोकाला बाहेरची कड अर्धा इंच पुढे काढून टोकदार करा. गळ्याकडची कड सरळच राहू द्या. खिसा हवा असेल तर ४½ रुंद आणि ५¼ उंच आयत पुरतो.

माया

शिलाईसाठी रेघेबाहेर सोडायच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात, आणि मुलाच्या शर्टात ती हात आखडून सोडू नये. खांदा आणि मुंढ्याला अर्धा इंच, बाहीच्या वरच्या वळणालाही अर्धा. बाजूच्या शिलाईला आणि बाहीच्या खालच्या शिलाईला पाऊण इंच. गळ्याला आणि कॉलरच्या सर्व कडांना फक्त पाव इंच, कारण वळणावर जास्त माया सोडली तर कापड वळत नाही. घेराला १ इंच आणि बाहीच्या तोंडाला सव्वा इंच.

या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतात. छाती त्या मानाने सावकाश भरते, उंचीच आधी कमी पडते. म्हणून वाढीव माया सोडायची असेल तर घेराला सोडा. १ इंचाऐवजी २ इंच ठेवून दुहेरी मुडपलं तर वर्षभराने उसवून शर्ट लांब करता येतो.

कातरणी

कापडाचा उभा धागा किनारीला समांतर असतो. पाठ, पुढा, बाही या सगळ्यांची उभी रेघ त्याच दिशेत यायला हवी. कापड आधी चौरस आहे का ते पाहा: कडेजवळून एक आडवा धागा ओढून काढा आणि पडलेल्या रेघेवर कापा. तिरकं कातरलेला शर्ट शिवताना ठीक दिसतो आणि धुतल्यावर एका बाजूला पिळतो. त्याला मग कोणताही उपाय चालत नाही.

कापडाची सुलटी बाजू आत ठेवून उभी दुहेरी घडी घाला. ४४ इंच पन्ह्यात २२ इंच रुंदी मिळते. पाठीची मध्यरेषा घडीवर ठेवा आणि तिच्या शेजारी पुढा, बटणपट्टीची कड किनारीकडे. दोन्ही मिळून सव्वाएकोणीस इंच होतात, म्हणजे व्यवस्थित बसतात. त्यांच्या खाली बाहीचा उघडलेला कागद आणि घडीच्या बाजूला कॉलर दोनदा. उरलेल्या कापडातून गळ्यासाठी सव्वा इंच रुंद आणि ११ इंच लांब अशी उरेब पट्टी, म्हणजे ४५ अंशांत तिरपी कापलेली पट्टी, काढून ठेवा.

अपुऱ्या कापडामुळे एकदा मी पुढे एकेरी कापडावर वेगवेगळे कातरले आणि कागद उलटायचा विसरलो. दोन्ही पुढे डाव्या बाजूचे निघाले. सुलट-उलट सारखं दिसणारं कापड असतं तर निभावलं असतं, पण ते छापील होतं. तेव्हापासून एकेरी कातरणी करावी लागली तर पहिल्या तुकड्यानंतर मी हातातली कात्री खाली ठेवतो आणि कातरलेला तुकडाच सुलट्यावर सुलटा ठेवून दुसरा आखतो.

कातरल्यावर लगेच खुणा करा. पाठीच्या गळ्याचा मध्य, पुढ्यांची मध्यरेषा आणि दुमडीची रेघ, बाहीच्या वळणाचा मध्य, कॉलरचा मध्य. कडेला एक सुतापेक्षा कमी खाच पुरते. बाहीच्या पुढच्या बाजूला एक खाच, मागच्या बाजूला दोन. आणि पुढच्या-मागच्या गळ्यावर कडेपासून एक सूत आत एकेरी टीप मारून ठेवा. गळ्याची गोलाई तिरप्या धाग्यावर असते, नुसती हाताळली तरी ताणली जाते. ही टीप तिला धरून ठेवते.

शिलाई

मशीनची टीप २.५ मिलिमीटरवर ठेवा, इंचाला दहाएक टाके पडतात. आधी त्याच कापडाच्या दुहेरी चिंधीवर चालवून पाहा. वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे. खाली वरचा दोरा दिसत असेल तर ताण कमी. प्रत्येक शिलाईच्या सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे घ्या.

इस्त्री मशीनच्या शेजारीच तापत ठेवा. एक शिलाई झाली की ती इस्त्री केल्याशिवाय तिला छेदणारी दुसरी शिलाई घालायची नाही, एवढा नियम पाळलात तर शर्ट दुकानातल्यासारखा दिसू लागतो. आधी शिलाई जशी आहे तशीच दाबायची, म्हणजे टाके कापडात बसतात, आणि मग माया हवी त्या बाजूला वळवायची. इस्त्री घासू नका, उचलून ठेवत चला.

पहिलं काम बटणपट्टीचं. पट्टीच्या भागावर उलट्या बाजूने दीड इंच रुंद फ्यूजिंग चिकटवा. कडेचा अर्धा इंच उलट्या बाजूला मुडपून इस्त्री करा, मग दुमडीच्या रेघेवर आत दुमडून पुन्हा इस्त्री. टीप अजून मारायची नाही.

खिसा याच वेळी लावा, कारण पुढा अजून सपाट आहे. वरची कड पाव आणि मग पाऊण इंच मुडपून टीप मारा, बाकी तीन बाजू अर्धा इंच आत दाबा आणि डाव्या पुढ्यावर मध्यरेषेपासून २ इंच आत ठेवा. खिशाचं तोंड मुंढ्याच्या तळरेषेच्या इंचभर वर येऊ द्या. तोंडाच्या दोन्ही टोकांना छोटे त्रिकोण शिवा. मुलं खिशात दगड भरतात आणि कापड तिथेच फाटतं.

आता खांदे. सुलट्यावर सुलट ठेवून अर्ध्या इंचावर टीप मारा, कडा गुंतवा, माया पाठीकडे वळवून इस्त्री करा. कडा गुंतवण्यासाठी मशीनला झिगझॅग असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक कड एक सूत मुडपून तिच्यावर साधी टीप मारा. मुलाच्या त्वचेला सुटलेले धागे टोचतात आणि मग तो शर्ट कपाटातच राहतो. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच मन लावून पूर्ण करायची.

कॉलर

इथे घाई करू नका, दिवसाच्या शेवटी थकून तर ही पायरी घेऊच नका.

कॉलरच्या वरच्या तुकड्याला फ्यूजिंग चिकटवा. दोन्ही तुकडे सुलट्यावर सुलटे ठेवून गळ्याकडची कड सोडून तीन बाजू पाव इंचावर शिवा. कोपऱ्यावर सरळ काटकोनात वळण्याऐवजी एक टाका तिरका घ्या, टोक जास्त नेटकं उलटतं. कोपऱ्याची माया तिरकी छाटा, कॉलर सुलटी करा आणि बोथट पेन्सिलीने टोक बाहेर ढकला. कात्रीचं टोक वापरलं तर ते कापडातून आरपार निघतं. इस्त्री करताना शिवण किंचित खालच्या बाजूला सरकवा, म्हणजे खालचं कापड वरून डोकावत नाही. मग कडेपासून दोन सुतांवर वरून टीप मारा.

आता शर्टाच्या गळ्याला सुताएवढ्या खाचा साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचावर द्या, धरून ठेवणाऱ्या टिपेच्या पलीकडे जाऊ देऊ नका. कॉलर शर्टाच्या सुलट्या बाजूवर, खालची बाजू शर्टाकडे करून ठेवा. कॉलरचा मध्य पाठीच्या मध्यावर, कॉलरची टोकं पुढ्यांच्या मध्यरेषांवर. दुमडीच्या रेघेपर्यंत न्यायची नाहीत. या तीन ठिकाणी आधी टाचण्या लावा, मधलं अंतर मग वाटून घ्या आणि हाताने धावदोरा घाला. डावं आणि उजवं टोक मध्यरेषेवर सारखं आलं आहे का ते शर्ट घडी घालून पाहा. चूक असेल तर आत्ता उसवणं दोन मिनिटांचं काम आहे.

बटणपट्ट्या दुमडीच्या रेघेवर उलट्या, म्हणजे सुलट्यावर सुलट, कॉलरवर दुमडून आणा. कॉलरची टोकं मध्ये दाबली जातात. दोन पट्ट्यांच्या मध्ये उरलेल्या गळ्यावर उरेब पट्टी ठेवा, तिची टोकं बटणपट्टीवर अर्धा-अर्धा इंच चढवून. आता एका दुमडीपासून दुसऱ्या दुमडीपर्यंत पाव इंचावर अखंड टीप मारा. चार थर आहेत, सावकाश जा, गरज पडेल तिथे चाक हाताने फिरवा. माया छाटा, पट्ट्यांचे कोपरे छाटा आणि पट्ट्या आत उलटा. कॉलर एकदम उभी राहते. पहिल्यांदा शिवताना हा क्षण अनुभवलात की पुढच्या शर्टाचं कापड मनात ठरू लागतं.

उरेब पट्टीची मोकळी कड आत मुडपून पाठीवर टाचा आणि टीप मारा, ती वरून कॉलरखाली झाकली जाते. मग बटणपट्ट्यांच्या आतल्या कडेने गळ्यापासून घेरापर्यंत सरळ टीप.

बाह्या

बाही सपाट असतानाच लावायची, बाजूची शिलाई नंतर. गोल मुंढ्यात गोल बाही बसवणं नवख्या हाताला जड जातं आणि कॅज्युअल शर्टाला त्याची गरजही नसते. बाहीच्या तोंडाची मुडप आधी इस्त्रीने पाडून ठेवा, पाव आणि मग १ इंच. टीप नंतर.

बाहीचा मध्य खांद्याच्या शिलाईवर, एक खाचेची बाजू पुढ्याकडे. दोन टोकं टाचा, मग मधला भाग. बाहीचं वळण मुंढ्यापेक्षा थोडं जास्त असेल तर शिवताना बाही खाली आणि शर्ट वर ठेवा. मशीनचे दात खालचं कापड जरा जास्त ओढतात आणि तो जादा भाग चुण्या न पडता सामावतो. माया शर्टाच्या अंगाकडे वळवा, कड गुंतवा आणि वरून दोन सुतांवर टीप मारा.

आता शर्ट सुलट्यावर सुलट घालून बाहीच्या तोंडापासून काखेतून घेरापर्यंत एकच अखंड शिलाई, पाऊण इंचावर. काखेत दोन्ही शिलाया समोरासमोर येतील असं पाहा, तिथे टाचणी लावून त्यावरूनच निघा. काखेच्या एक इंच भागात दुसरी टीप द्या. हात वर केला की सगळा ताण तिथे येतो.

बाहीचं तोंड लहान असतं, मशीनखाली बाहेरून जात नाही. बाही उलटी करा, तोंड मशीनच्या पायाखाली आतल्या बाजूने धरा आणि नळीच्या आतून गोल फिरत टीप मारा. पहिल्यांदा विचित्र वाटतं, अर्ध्या फेरीत हात बसतो. घेर पाव आणि मग पाऊण इंच मुडपून शिवा. जास्त माया सोडली असेल तर दुसरी मुडप तेवढी मोठी घ्या. त्याआधी बटणं लावल्यासारखे दोन्ही पुढे एकमेकांवर ठेवून दोन्हींची उंची एकसारखी आहे ना ते तपासा. एक-दोन सुतांचा फरक इथेच मिटतो.

काज आणि बटणं

मुलग्यांच्या शर्टात रूढीने डावी पट्टी वर असते, मुलींच्या उजवी. घरच्या शर्टात तुम्हाला हवी ती ठेवा. वरच्या पट्टीवर मध्यरेषेत पाच खुणा करा: पहिली गळ्याच्या शिलाईपासून अर्धा इंच खाली, शेवटची घेरापासून साडेतीन इंच वर, बाकीच्या मधे समान अंतरावर. आपल्या मापात पावणेतीन ते तीन इंच अंतर पडतं. काजं उभी असावीत.

काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक बटणाची जाडी. मशीनवर काज होत असेल तरी आधी फ्यूजिंग लावलेल्या दुहेरी चिंधीवर करून त्यातून बटण घालून पाहा. हाताने करायचं असेल तर खुणेभोवती बारीक धावदोरा घाला, मधोमध चीर द्या आणि दोऱ्याचा फास प्रत्येक टाक्याला कडेवर येईल असे जवळजवळ टाके घालत फिरा. मशीनच्या काजाला चीर देताना दोन्ही टोकांना आडव्या टाचण्या लावा, हत्यार घसरलं तरी टाके कापले जात नाहीत.

बटण लावताना त्याच्याखाली काडेपेटीतली काडी ठेवून टाके घ्या, मग काडी काढा आणि बटणाखाली दोरा तीन-चार वेळा गुंडाळून गाठ मारा. त्यामुळे काजाच्या पट्टीला जागा राहते. दोरा दुहेरी घ्या आणि प्रत्येक बटण जोराने ओढून पाहा. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर हे जास्तच कसोशीने करा, सुटलेलं बटण लहान मुलं तोंडात घालतात आणि ते घशात अडकू शकतं. अगदी तान्ह्या मुलाचा शर्ट असेल तर बटणांऐवजी टिचबटणं पक्की बसवून घेतलेली बरी.

शर्ट मुलाला घालून त्याला दोन्ही हात वर करायला सांगा, पुढे वाकायला सांगा, मिठी मारल्यासारखे हात जोडायला सांगा. पाठीवर आडवा ताण दिसला तर पुढच्या कागदावर पाठीची रुंदी पाव इंच वाढवा. काखेत ओढ बसली तर मुंढा पाव इंच खाली घ्या. हात वर केल्यावर पोट उघडं पडत असेल तर उंची कमी झाली आहे, घेराची माया उसवून बघा. या दुरुस्त्या त्याच दिवशी कागदावर पेनाने लिहा, सोबत मुलाची मापं आणि तारीख. मग सगळे कागद एका पाकिटात घालून त्यावर याच कापडाची एक चिंधी टाचून ठेवा.